निपाणीची तंबाखू आणि गाडीवरचा चार्जर

परवा पणजीच्या फेरीधक्क्यावर पावसाची सर थांबायची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक पायलट होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे विमान चालवणारा नव्हे, मोटरसायकलवर मागे बसवून भाड्याने सोडणारा. त्याच्या हँडलवर मोबाईल अडकवलेला होता आणि त्याला खालून चार्जिंगची वायर आली होती. मी वाकून ती वायर कुठून कुठे जाते ते पाहू लागलो. तो हसून म्हणाला, ‘‘कितें सोदता, साहेब?’’ मी म्हटले, ‘‘फ्यूज सोदतां.’’ त्याला वाटले असणार, हा कारकून डोक्याने जरा सुटलेला दिसतो.

मी कलाशाखेचा पदवीधर. इतिहास आणि मराठी हे माझे विषय, विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. तरीही दुचाकीवर चार्जर दिसला की मी फ्यूज शोधतो. याला कारण आहे, आणि ते निपाणीत आहे. निपाणी ही माझी सासुरवाडी.

आधी त्या सॉकेटविषयी. गाडीवर मोबाईल चार्ज करायला आपण जे गोल, नळीसारखे भोक बसवून घेतो, ते मुळात फोनसाठी नव्हतेच. ते सिगारेट पेटवण्यासाठी होते. अमेरिकेत 1920 च्या दशकात मोटारींतून विजेचा लायटर रुळू लागला. बाहेर काढता येणाऱ्या लायटरचे पेटंट 1921 सालचे सांगतात. खुंटी आत दाबायची, आतली तार लाल होईपर्यंत तापते, मग ती टक् करून बाहेर येते, आणि साहेब चिरूट पेटवतात. भोक साधारण 21 मिलीमीटर रुंद. मधला ठिपका अधिक, कडेचा पत्रा उणे. पुढे मोटारी 12 व्होल्टच्या झाल्या, आणि मोटारीतून वीज बाहेर काढायची सर्वांत सोयीची जागा हीच, हे लोकांच्या ध्यानात आले. हवा भरायचा पंप, हातदिवा, आणि शेवटी मोबाईल. धूम्रपान मागे पडले, भोक राहिले. आज जगभर कोट्यवधी फोन चार्ज होतात ते विडीकाडीच्या जागेवर.

आणि विडीचे गाव कोणते, तर निपाणी! नावातच पाणी नाही असे हे गाव. एकेकाळी सरलष्कर सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, यांचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांचा दरारा होता. पण आमच्या पिढीला निपाणी माहीत आहे ती तंबाखूसाठी. गावात पाऊल टाकले की नाकाला पहिली जाणीव होते. वखारींतून झडणारा तो तिखट वास. नवा जावई म्हणून गेलो तेव्हा मी इतका शिंकलो की मेव्हण्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणे, अशाच एका वखारीत दिवाणजी होते. बोलायला लागले की 1981 वर यायचेच. त्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी पुणे-बंगलोर हमरस्ता अडवला. हजारो माणसे बैलगाड्यांसह रस्त्यावर बसली. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडले, गोळीबार झाला, शेतकरी मेले. मामा सांगताना इथे नेहमी थांबत आणि पानाच्या डब्यातली सुपारी उगाच चाळवत. ते व्यापाऱ्याच्या गादीवर बसणारे, त्यांचा धाकटा भाऊ रस्त्यावर बसलेला. दोघांची भाकरी मात्र एकाच चुलीवर. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट गटाने 1982 साली ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट केला. तो आजही दाखवला जातो. इतिहासाच्या पुस्तकात आप्पा देसायांना जागा मिळते, या बायकांना क्वचितच. असो.

आता दुचाकीकडे वळू. मामांकडे एक जुनी जावा होती. आमच्या या पट्ट्यात जावा आणि येझदीचे भारी कौतुक, कारण गाडी म्हैसूरची. 1961 साली तिथे कारखाना सुरू झाला, 1996 साली बंद पडला. त्या जावाची सगळी वीज 6 व्होल्टची, डायनामो 45 वॉटचा. त्यातलाच बराचसा भाग दिवा खाणार, उरलेल्यात हॉर्न आणि बॅटरी. बुलेटवर एक अँपिअरमीटर असे. दिवा लावून गाडी सिग्नलला उभी केली की काटा उणेकडे झुके, रेस दिली की अधिककडे. घराचे बजेट कसे चालले आहे हे दाखवणारे असे यंत्र मला कचेरीतही हवे होते! बऱ्याच जुन्या स्कूटरांना तर बॅटरीच नसे. इंजिन फिरेल तसा दिवा. चढावर लख्ख, चौकात मिणमिणता. अशा गाडीवर मोबाईल लावला असता तर बिचारा दोन दिवसांत राम म्हणाला असता. म्हणजे चार्जरची गोष्ट सुरू होते ती दुचाकी 12 व्होल्टची झाल्यावर आणि खिशात मोबाईल आल्यावर. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल झाला 31 जुलै 1995 रोजी. गरीबाच्या खिशात तो यायला 2003-04 उजाडले.

सुरुवातीचे ते फोन चार-चार दिवस चालत. मग पडदे रंगीत झाले, मोठे झाले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत फोन मान टाकू लागले. मीही 2010 साली माझ्या मोटरसायकलला एक सॉकेट बसवून घेतले. कुठे ते सांगत नाही. अर्ध्या तासाचे काम, पैसे कमी, मी खूष.

जुलै 2011. बायको माहेरी गेलेली. संध्याकाळी कचेरीतून निघतो तोच मेव्हण्याचा फोन. ‘‘दाजी, अण्णांच्या छातीत दुखायलंय. बेळगावला हलवतोय. तुम्ही परस्पर तिकडंच या.’’ बसची वाट न पाहता गाडीला किक मारली. साखळी, केरी आणि पुढे चोर्ला घाट. पाऊस असा की समोरचा रस्ता आठवणीने चालवावा. फोन सॉकेटला लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. चार्जरवरचा लाल दिवा निघताना पेटलेला पाहिला होता, म्हणून निर्धास्त.

घाटात रेंज नसते तेव्हा फोन स्वस्थ बसत नाही. तो टॉवर शोधत राहतो, आणि शोधण्यातच बॅटरी झिजते. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, कणकुंबीपासून पुढे कर्नाटकचे सर्कल. तेव्हा तिथे पोचले की रोमिंग. जांबोटीला चहाला थांबलो, पिशवी उघडली, तर फोन मेलेला. चार्जरचा दिवाही गेलेला.

इकडे निपाणीत काय झाले? गावातल्या डॉक्टरांनी सांगितले, बेळगाव पाऊणशे किलोमीटर, तेवढा वेळ हाताशी नाही. कोल्हापूर चाळीस, तिकडे न्या. गाडी कोगनोळीकडे वळली. मला फोनवर फोन. ‘स्विच्ड ऑफ.’ मी बेळगावात तीन इस्पितळे धुंडाळली. फोन मागून लावावा, तर एकही नंबर पाठ नाही, सगळे त्या मेलेल्या फोनच्या पोटात. एक घरचा लँडलाईन तेवढा पाठ होता. तो वाजत राहिला, कारण घरी कोणीच नव्हते. मग रात्री निपाणी गाठली. घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी दार उघडून सांगितले. कोल्हापूरला पोचलो तेव्हा फटफटत होते.

मामा पहाटे तीनला गेले होते. बायको काही बोलली नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘‘दोनदा इचारलं त्यांनी, जावई पोचले का म्हणून.’’

तेराव्यानंतर मेव्हणा मला हमरस्त्याजवळच्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. हयातभर तंबाखूचे ट्रक दुरुस्त केलेला माणूस. कन्नडमध्ये पोराला पाना मागायचा, मराठीत शिव्या घालायचा. त्यांनी सीट काढली, काळी टेप सोडवली आणि मला जवळ बोलावले. तांब्याच्या तारेला हिरवी बुरशी चढली होती. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड, पाण्याने कुजलेला.

‘‘पाव्हणं, ह्याला फ्यूज कुठाय?’’

फ्यूज नव्हताच.

‘‘तार तुटली म्हणून फोन मेला. तीच तार चॅसीला चिकटली असती तर गाडीनं पेट घेतला असता. तुम्ही नशीबवान.’’

मला त्या क्षणी नशीबवान वाटले नाही. पण पुढचा तासभर मी तिथे स्टुलावर बसून जे पाहिले, ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. मिस्त्रींनी बॅटरीच्या अधिक टोकापासून नवी तार काढली आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवला, 3 अँपिअरचा. फ्यूज सॉकेटजवळ बसवला तर मधली सगळी तार उघडी पडते, म्हणून तो बॅटरीजवळच. मग मध्ये एक रिले टाकला, म्हणजे चावी फिरवली तरच सॉकेटला वीज. त्याचा हिशोबही त्यांनी बोटावर करून दाखवला. फोन पाच-सहा वॉट ओढतो, म्हणजे बॅटरीतून अर्धा अँपिअर. इंजिन चालू असताना हे काहीच नाही, हेडलाईट एकटा 35 वॉट खातो. पण बॅटरी पाच अँपिअर-अवरची. गाडी बंद ठेवून रात्रभर फोन लावला तर सकाळी किक मारत बसा. उणे तार त्यांनी चॅसीला न लावता थेट बॅटरीला नेली, गंजाची भानगड नको म्हणून. तारेवर रबरी नळी घातली. हँडलच्या मानेपाशी तार सैल सोडली आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिले, कारण तार कापली जाते ती तिथेच. जोड डाख देऊन पक्के केले. सॉकेटचे तोंड खाली तिरके, वर रबरी टोपण.

पैसे विचारले तर फक्त सामानाचे घेतले. म्हणाले, ‘‘दिवाणजींनी माझ्या पोरीच्या लग्नात हुंडी वटवून दिली होती. राहू द्या.’’

पुढे कित्येकदा मनात आले, दोष नेमका कोणाचा? कुजलेल्या जोडाचा? नंबर पाठ न ठेवणाऱ्या माझा? की त्या रेषेचा, जिच्यामुळे निपाणीच्या माणसाला आजारी पडल्यावरही दोन दिशा दिसतात? 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात बेळगाव कर्नाटकात ठेवले, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे लिहिले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, निपाणी होती तिथेच राहिली. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. जिल्ह्याचे गाव एकीकडे, जवळचे मोठे शहर दुसरीकडे. गावाला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, त्यात शिकणारी कितीतरी पोरे मात्र कर्नाटकातली. मामा म्हणत, ‘‘आमचं काय, पोट बेळगाव जिल्ह्यात अन् काळीज कोल्हापुरात.’’ शेवटच्या रात्री ते काळजाच्याच बाजूला गेले. मी कागदावरच्या जिल्ह्यात त्यांना शोधत राहिलो.

आता काळ बदलला. पुष्कळ स्कूटरांना कंपनीच चार्जिंगची जागा देते. बेळगावच्या कॉलेज रोडवर घरपोच जेवण नेणाऱ्या पोरांची रोजीरोटीच हँडलवरच्या फोनवर असते, आणि ती पोरे संध्याकाळी घरी फोनही त्यावरूनच करतात. 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटलेला असतो, तोही हिशोबात धरावा लागतो. बॅटरीवरच्या स्कूटरी आल्या आहेत, त्यांना तर गाडीच सॉकेट शोधत फिरते.

माझी ती मोटरसायकल मात्र अजून आहे. मिस्त्रींनी घातलेला फ्यूज एकदाच उडाला, 2018 साली, टोपण उघडे राहून सॉकेटमध्ये पाणी गेले तेव्हा. पाच रुपयांचा नवा घातला, तार जशीच्या तशी. आणि मेव्हण्याचा, बायकोचा, सासूबाईंचा नंबर मला आता पाठ आहे. पायलटला हे सगळे कुठे सांगत बसू? सर थांबली होती. मी त्याला एवढेच म्हटले, ‘‘सीट काडून एकदां पळय, बॅटरीकडेन फ्यूज आसा काय ना तें.’’