कॅरमफलक : पृष्ठभागाची घरगुती निगा

कॅरमफलक, बोलीत कॅरमबोर्ड : प्लायवुडची गुळगुळीत चौरस पाटी, तिच्या चारी बाजूंस लाकडाची उंच कड आणि चारी कोपऱ्यांत सोंगटी पडण्यापुरती भोके, अशा बांधणीचे बैठ्या खेळाचे साधन. पाटीच्या वरच्या अंगाची घरात होणारी झीज आणि तिचा बंदोबस्त एवढाच या नोंदीचा विषय असून, मुंबई उपनगर जिल्ह्यातील चारकोप ही वस्ती येथे उदाहरणादाखल घेतली आहे. कारण एकीकडे खाडीची दमट हवा आणि दुसरीकडे दोन खणांचे घर, या कैचीत सापडलेल्या फलकाची जी परवड होते ती देशावरच्या कोरड्या, ऐसपैस वाड्यांत सहसा दृष्टीस पडत नाही.

कांदिवलीच्या पश्चिमेस, मनोरी खाडीच्या बाजूच्या खारफुटीलगत असलेल्या जुन्या चारकोप गावाभोवती आज जी दाट वस्ती दिसते तिचा मोठा भाग महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाने, म्हणजेच म्हाडाने, जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून उभा राहिला. भूखंड आखून देणे, पाणी, गटारे व रस्ते यांची तजवीज करणे एवढे सरकारने करावे आणि घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावे, अशी त्या योजनेची रचना असल्यामुळे सेक्टरांच्या आत सामाईक चौकांभोवती लहान बैठ्या घरांच्या रांगा तयार झाल्या आणि पुढे संसार वाढले तसे त्यांवर पोटमाळे व मजले चढले. अशा घरात कडेसह जवळजवळ नव्वद सेंटिमीटर लांब-रुंद असलेला फलक डाव रंगात असेपर्यंतच आडवा राहू शकतो. डाव मोडला की त्याची रवानगी कपाटामागे, पलंगाखाली किंवा दाराआडच्या भिंतीशी होते, आणि त्याच्या बहुतेक दुखण्यांचा उगम तेथेच आहे. खेळण्याने पाटी झिजते हे कोणी नाकारणार नाही, परंतु खेळ बंद असताना ती जितकी बिघडते तितकी खेळताना बिघडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून पुढील विवेचनात ओलाव्याला अग्रमान आणि स्ट्रायकरला दुय्यम स्थान दिले आहे ते त्याच कारणाने.

१९८८ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांप्रमाणे खेळपृष्ठ ७३.५ ते ७४ सेंमी. चौरस, प्लाय किमान ८ मिमी. जाड आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नसलेला असावा लागतो. बाजारात घरगुती म्हणून विकला जाणारा माल पुष्कळदा याहून पातळ असतो. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे ते लांबी-रुंदीत फारसे वाढत नाहीत; सर्वांत वरचा थर मात्र अतिशय पातळ, गुळगुळीत लाकडाचा, त्यावर रंगाने काढलेल्या रेषा व वर्तुळे, आणि त्या सर्वांवर लॅकरचा किंवा लाखेच्या पॉलिशचा पारदर्शक लेप. सोंगटीचा आणि बोटांचा सर्व जाच सोसतो तो हा लेपच. पाटी उलटी करून पाहिली तर खालचे अंग बहुधा कोरे, उघडे लाकूड असलेले आढळते, आणि निर्मात्याने वाचविलेल्या लेपाच्या दोन हातांची किंमत गिऱ्हाईकाला आषाढात मोजावी लागते.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भर पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. खाडीकडून येणाऱ्या हवेतील क्षार ज्या पृष्ठभागावर बसतात त्यास ते पाणी ओढून देतात, म्हणून चारकोपात पाऊस उघडला तरी लोखंडी कपाटाचे पाय आणि कॅरमची पाटी एकाच वेळी ओली लागते. लेप असलेल्या वरच्या अंगातून पाणी सावकाश शिरते, कोऱ्या खालच्या अंगातून झपाट्याने. खालचे थर फुगतात, वरचे तसेच राहतात, आणि परिणामी पाटी मध्यभागी खोलगट होते. अशा फलकावर हलकेच मारलेली सोंगटी आपण होऊन राणीच्या वर्तुळाकडे वळते, व ज्याचा नेम चुकतो तो पाटीला दोष देतो. या एका तक्रारीपुरते त्याचे म्हणणे खरेही असते. यावर उपाय स्वस्त आहे, पण तो पावसाळ्यापूर्वी करावयाचा असतो : खालच्या अंगास व प्लायच्या उघड्या कडांस वार्निशचे दोन हात द्यावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओलावा सारख्याच वेगाने ये-जा करील आणि पाटी वाकण्याचे कारणच उरणार नाही.

फलक भिंतीस तिरका टेकून ठेवण्याची वहिवाट सर्वत्र आहे आणि ती सर्वत्र चुकीची आहे. खालची कड जमिनीवर, वरची भिंतीवर आणि मधली पाटी अधांतरी, अशा स्थितीत महिनोन् महिने राहिलेले लाकूड स्वतःच्या वजनाने हळूहळू पोटात येते, व त्यात भिंत पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा घेणारी असली तर तिच्यातला ओलावा फलकास फुकट मिळतो. उत्तम म्हणजे फलक आडवा ठेवावा. पलंगाखाली जागा असेल तर जमिनीपासून चार बोटे उंच, दोन लाकडी पट्ट्यांवर. तेवढी जागा नसेल तर आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला सरळ उभा, दोन मजबूत खिळ्यांवर टांगावा आणि त्याचे तोंड खोलीकडे ठेवावे. आच्छादनास जुनी सुती चादर योग्य. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या फलकास आतल्या आत घाम येतो आणि आठवड्याभरात हिरवट बुरशीचे ठिपके उमटतात. पत्र्याखालचा पोटमाळा हे ठिकाण वर्ज्य समजावे, कारण वैशाखात तेथे लेप तडकतो आणि श्रावणात तोच पाणी पितो. ओली झालेली पाटी उन्हात ठेवण्याचा मोह अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना होतो. ऊन एका बाजूनेच लागत असल्यामुळे एक वाक काढता दुसरा येतो, तेव्हा कोरड्या फडक्याने टिपून पंख्याखाली आडवी ठेवणे एवढेच करावे. मंडळांच्या खोल्यांत फलकावर पत्र्याच्या टोपीचा दिवा बराच खाली ओढलेला असतो, तो प्रकाशासाठी खराच, पण जुन्या साठ-शंभर वॉटच्या बल्बच्या उष्णतेने पाटी कोरडी राहत असे हा लाभ कोणी हिशेबात धरला नव्हता. नव्या थंड दिव्यांनी तो गेला.

पावडरीसंबंधी घराघरांत वाद आहेत. बोरिक आम्लाचे स्फटिक एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांसारखे असून ते परस्परांवरून सहज सरकतात, आणि त्यामुळे सोंगटी व पाटी यांच्यामध्ये तो घनरूप वंगणाचे काम करतो. स्वभावतः तो मऊ आहे. लेपास ओरखडा पाडण्याइतके काठिण्य त्यात नाही. ओरखडे पाडते ती धूळ. रस्त्यांची खोदाई आणि इमारतींचे पुनर्विकास यांनी चारकोपात उडणारी धूळ म्हणजे बरीचशी वाळूची, म्हणजे गारेची भुकटी, जी लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असते; ती पावडरीत मिसळली की प्रत्येक फटक्याबरोबर सोंगटी नकळत पॉलिशपेपरचे काम करू लागते. म्हणून डावापूर्वी पाटी मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे पुसून कालची पावडर काढून टाकावी आणि मगच नवी, मलमलीच्या पुरचुंडीतून, दोन चिमटीहून अधिक नाही, अशी पाडावी. जास्त पावडर टाकल्याने वेग वाढतो हा पोरासोरांचा समज आहे. दमट हवेत जास्तीची पावडर गोळे धरते, भोकांच्या काठांना चिकटते आणि तिथे पडता पडता सोंगटी अडते. तोंडाला लावण्याची सुगंधी पावडर वापरू नये. आणखी एक खबरदारी फलकाच्या नव्हे तर खेळणाऱ्याच्या हिताची आहे : बोरिक पावडर तीच, जी झुरळे मारण्यास स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत टाकतात, तेव्हा खेळून उठल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये व तान्ह्या मुलांच्या हाती डबी लागू देऊ नये.

उलट दिशेनेही हा नियम पाळावा, म्हणजे खाऊन खेळावयास बसताना हात धुवावेत. वड्याच्या तेलाचा डाग लेपावर पडला की पावडर तेथे चिकटून काळी पुटे चढतात, आणि ती काढण्यासाठी स्पिरिट घासणारा माणूस डागाबरोबर लाखेचे पॉलिशही विरघळवून बसतो. रॉकेल मागे तेलकट पापुद्रा ठेवते. ताजा तेलकट डाग कोरडे पीठ किंवा पावडर दाबून शोषून घ्यावा, दुसऱ्या दिवशी पुसावा. जुना डाग बहुधा सोसावाच लागतो.

प्रत्यक्ष खेळाने होणारी झीज ठरावीक जागी होते. बसणाऱ्याच्या समोरच्या दोन रेषांमध्ये स्ट्रायकर सरकविण्याने व बोटांच्या घामाने, भोकांच्या तोंडाशी आदळण्याने, आणि मध्यवर्तुळात डाव फोडण्याने लेप प्रथम मंद होतो, नंतर रेषेचा रंग उडू लागतो. घरी बहुधा दोघेच खेळतात व नेहमी समोरासमोर बसतात, त्यामुळे दोन बाजू झिजतात व दोन नव्यासारख्या राहतात. दर पंधरवड्यास फलक चतकोर वळविला तर ही झीज चौघांत वाटली जाते. स्ट्रायकरची कड अंगठ्याच्या नखाने फिरवून पाहावी, कारण फरशीवर पडून टवका उडालेला स्ट्रायकर एका संध्याकाळी जे नुकसान करतो ते निरोगी स्ट्रायकर वर्षभरात करत नाही. हातातील अंगठ्या व घड्याळ उतरवून ठेवण्याची सूचना मुलांना करावी लागते, मोठ्यांना करण्याची सोय नसते.

पाश्चात्त्य देशांत ‘पिनबॉल’ या यंत्राचे षोकीन हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवितात. माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ मध्ये अमेरिकेत बगाटेल या खेळाच्या फळीस स्प्रिंगचा दट्ट्या बसविण्याचे पेटंट घेतले, आणि १९४७ साली यंत्राला विजेवर चालणारे पंखे, म्हणजे फ्लिपर, लागल्यापासून जवळजवळ ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा कलत्या लाकडी पृष्ठावरून सतत भरधाव फिरू लागला. तो कलामुळे पुनःपुन्हा त्याच वाटांनी जात असल्याने त्या वाटांचा रंग खरवडला जातो. म्हणून तेथे गोळे वरचेवर बदलतात, पृष्ठास मेण चढवितात आणि जास्त झिजणाऱ्या जागी पारदर्शक पॉलिएस्टरचा पातळ पडदा डकवितात. आपल्याकडील काही हौशी मंडळींनी कॅरमवरही मेण व चिकट पडदे यांचा प्रयोग करून पाहिलेला आढळतो. तो फसतो. मेणात पावडर रुतते, पडद्याखाली दमट हवेचे फुगे येतात, आणि सपाट पाटीवर चपट्या सोंगटीने जे सरळ सरकणे अपेक्षित आहे ते त्या फुग्यांवर अडखळते. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, त्या यंत्रांचे जाणकारही गोळ्यापेक्षा गोळ्याबरोबर फिरणाऱ्या मळास अधिक भितात.

लेप निकामी झाला की नाही हे ठरविण्यास नियमपुस्तकात एक कसोटी दिली आहे : पूर्ण जोराने मारलेल्या स्ट्रायकरने पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत किमान साडेतीन फेऱ्या करावयास हव्यात. घरगुती फलकास ही कसोटी कडक वाटेल. स्वच्छ पाटीवर, कोरड्या पावडरीनिशी, दोन फेऱ्याही होत नसतील तर मात्र दुरुस्तीचा विचार करावा. ती घरी करू नये, कारण पॉलिशपेपर हाती घेणारा नवशिका वरचा पातळ थर पार करून आतल्या आडव्या रेषांच्या लाकडापर्यंत केव्हा पोहोचतो हे त्याला कळत नाही, व मग त्या पाटीस कोणताही कारागीर हात लावत नाही. जाणता पॉलिशवाला जुना लेप रेषेच्या दिशेने उतरवितो, वर्तुळे व बाण पुन्हा आखतो आणि फवाऱ्याने किंवा बोळ्याने नवे हात देतो. हे काम पावसाळ्यात घेण्यास तो नकार देईल आणि त्याचे बरोबर असेल, कारण दमट हवेत सुकणारे लॅकर पांढुरके पडते. दसऱ्यानंतरचे ऊन त्यास सर्वांत मानवते. आणि मेच्या सुटीत मुले पुन्हा पाटीभोवती जमेपर्यंत लेप मुरण्यास पुरेसे महिने हाती राहतात.