छत्री कुणी धरायची?

गेल्या जुलैतली गोष्ट. क्लायंटची माणसं ऑफिसला येणार होती आणि त्यांना हॉटेलवरून घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं होतं. बाहेर पुण्याचा नेहमीचा पाऊस, म्हणजे धड कोसळतही नाही आणि थांबतही नाही. पोर्चपाशी खोदकाम चालू होतं (पुणे आहे शेवटी!), त्यामुळे गाडी लांबच थांबली. उतरलो तर सिक्युरिटीचे काका कंपनीचा लोगो असलेली भली मोठी छत्री घेऊन हजर. त्यांनी ती आमच्या डोक्यावर धरली आणि आम्ही ऐटीत आत गेलो. मोजून पंचवीस पावलं. दारात मागे वळून बघितलं तेव्हा लक्षात आलं, काका स्वतः छत्रीच्या बाहेरच होते. पार भिजले होते.

ज्याच्या हातात छत्री तो ओला आणि ज्याचे हात खिशात तो कोरडा. लॉजिकच उलटं! हा बग काही डोक्यातून जाईना, म्हणून पुढचे दोन-तीन विकेंड छत्रीचा इतिहास वाचण्यात घालवले. तेव्हा कळलं की हा बग नाहीच, फीचर आहे. छत्रीचं मूळ डिझाईनच तसं होतं.

इराणमध्ये पर्सेपोलिसच्या राजवाड्यात दारांच्या चौकटींवर कोरीवकाम आहे, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचं. सम्राट चाललाय आणि मागून एक सेवक त्याच्यावर छत्री धरतोय. सेवक राजापेक्षा आकारानेही लहान कोरलाय. छत्री उन्हासाठी होती हे खरं, पण त्याहून जास्त ती राजा कोण हे लांबून कळावं म्हणून होती.

आपल्याकडे सांचीला याच्याही पुढची गंमत आहे. त्या काळात बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून जातो तो प्रसंग आहे. घोडा चाललाय, पाठीवर कुणीच नाही, पण वर छत्री धरलेली. म्हणजे आपण समजायचं, की सिद्धार्थ बसलाय. शेवटी छत्री पावलांच्या खुणांवर येते आणि घोडा छत्रीशिवाय परत फिरतो. नायकाचा चेहरा एकदाही न दाखवता अख्खी गोष्ट सांगून झाली! कार्ल्याच्या चैत्यगृहातही स्तूपावर लाकडी छत्री आहे. लोणावळ्याला भजी खायला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी जरा मान वर करून बघा.

आणि मग अर्थातच छत्रपती. हा शब्द विमानतळ, स्टेशन, चौक असा दिवसभर इतक्यांदा कानावर पडतो, की त्यातली छत्री आपल्याला दिसेनाशीच झाली आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. तोपर्यंत मोठमोठे मराठे सरदार कुठल्या ना कुठल्या शाहीच्या सावलीत होते. स्वतःवर छत्र धरणं म्हणजे आता आमच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाची सावली नाही, हे जाहीर करणं. आणि हे दरबारापुरतं राहिलं नाही. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्याच्या मुठीतसुद्धा ही घोषणा पोचली.

पण छत्री हा मान ठरला, की तो कुणाला मिळणार नाही हेही ठरतं. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजचं दक्षिण केरळ आणि कन्याकुमारीचा भाग, नाडर आणि 'खालच्या' ठरवलेल्या इतर जातींना छत्री वापरायला बंदी होती. पायात चपला नाहीत, अंगावर सोनं नाही, मजल्याचं घर नाही आणि डोक्यावर छत्री नाही. केरळात! जिथे आपला मान्सून सगळ्यात आधी उतरतो तिथे! हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ नुसताच खिडकीत बसून राहिलो. छत्र्यांची काय टंचाई होती? काही माणसांनी भिजलंच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग आपली आपण छत्री धरायची ही साधी गोष्ट रुळली कशी? लंडनमध्ये १७५० च्या सुमारास जोनास हॅनवे नावाचा व्यापारी बिनधास्त छत्री घेऊन रस्त्याने फिरायला लागला. तिथे तोवर ती बायकांची वस्तू समजली जायची. लोक हसले. सगळ्यात जास्त चिडले ते घोडागाडीवाले, कारण पाऊस म्हणजे त्यांचा धंदा. (रिक्षावाले आठवले ना?) पण पठ्ठ्या तीसेक वर्षं छत्री घेऊन हिंडत राहिला. पुढे १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्सने पोलादाच्या, पन्हळीसारख्या आकाराच्या काड्या आणल्या. वजन कमी आणि ताकद भरपूर. कॉलेजात रट्टा मारलेलं यू सेक्शन हेच! छत्री हलकी झाली आणि ती धरायला वेगळा माणूस लागेनासा झाला.

२०१४ मध्ये तर चक्र पूर्ण उलटं फिरलं. हाँगकाँगमध्ये मतदानाच्या हक्कासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांनी पोलिसांचा पेपर स्प्रे अडवायला साध्या घरच्या छत्र्या उघडल्या. २८ सप्टेंबरला अश्रुधूर सोडला गेला, तरी लोक ७९ दिवस रस्त्यावर टिकले. त्यांना हवी होती तशी निवडणूक मिळाली नाही. पण शतकानुशतकं सत्तेच्या डोक्यावर राहिलेली वस्तू सत्तेसमोर उभी राहिली. आंदोलनाला नावही छत्रीचंच मिळालं.

असो. ऑगस्टमध्ये परत तसाच पाऊस, परत गाडी लांब, परत काका. या वेळी मी एकटाच होतो. म्हटलं, "काका, द्या इकडे, मी धरतो. दोघं जाऊ." काका हसले, पण दांडा काही सोडला नाही. "नको साहेब, वर कॅमेरा आहे. सुपरवायझर ओरडतो." मग मी त्यांना चिकटून चाललो. त्यांचा एक खांदा भिजला, माझा एक.

दुसऱ्या दिवशी ॲडमिनला मेल टाकला, की सिक्युरिटीच्या लोकांना रेनकोट द्या. उत्तर आलं, पुढच्या बजेटमध्ये बघू. रेनकोट अजून यायचेत. मी आता बॅगेत माझी फोल्डिंगची छत्री ठेवतो. पाऊस असला की लांबूनच ती उघडून दाखवतो, आणि काका हात हलवून शेडमध्येच थांबतात. क्लायंट आले की मात्र ती मोठी छत्री निघतेच.