सालाझारशाही आणि १९६१ साल

अंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ मध्ये तो पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि पुढच्याच वर्षी नव्या राज्यघटनेने त्याची एकतंत्री राजवट कायम केली. जमावापुढे गर्जना करण्याची त्याला हौस नव्हती. एकच मान्यताप्राप्त पक्ष, छापून येणाऱ्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची कात्री आणि ‘पीद’ हे गुप्त पोलीस खाते एवढ्यावर राज्य चाले. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिल्याने ही राजवट हिटलर-मुसोलिनींबरोबर बुडाली नाही. उलट १९४९ मध्ये पोर्तुगाल ‘नाटो’चा संस्थापक सदस्य झाला.

अडचण होती ती साम्राज्याची. वसाहतींच्या स्वातंत्र्याची लाट आल्यावर सालाझारने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून अंगोला, मोझांबिक, गोवा या सगळ्यांना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि स्वयंशासन नसलेले प्रदेश तुमच्याकडे आहेत काय, असा प्रश्न आला तेव्हा लिस्बनने सरळ नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने ही खेळी चतुर होती, पण तिने माघारीची वाट बंद केली. गोव्याबद्दल बोलणी करायची म्हणजे अंगोलाही सोडता येतो, असे कबूल करण्यासारखे होते. याच धास्तीने, भारताने त्याआधी फेब्रुवारी १९५० मध्ये दिलेला वाटाघाटींचा प्रस्तावही लिस्बनने चर्चेला घेतला नव्हता. जून १९५३ मध्ये भारताने तिथली आपली वकिलात बंद केली.

गोव्यात मात्र लोक गप्प नव्हते. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात धाडले. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाच्या एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, असा सूर निघाला आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी ‘माझा निषेध आहे’ एवढेच म्हटले. तेवढ्यावर त्यांना अटक होऊन लिस्बनला नेण्यात आले. ज्या राज्याला जेवणाच्या टेबलावरचा निषेधही पेलवत नाही, त्याची धास्ती किती असेल याचा यावरून अंदाज येतो. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून आणि इतर प्रांतांतून आलेल्या निःशस्त्र तुकड्यांवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मारली गेली. भारताने मग आर्थिक नाकेबंदी केली. परंतु लोहखनिजाची निर्यात आणि समुद्रमार्गे येणारा माल यांवर गोवा तगला. वॉशिंग्टनही लिस्बनला दुखवायला तयार नव्हते.

राजवटीला पहिला मोठा तडा घरातच गेला. १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जनरल उंबेर्तू देल्गादू विरोधात उभा राहिला. निवडून आल्यास सालाझारचे काय करणार, असे लिस्बनच्या एका कॅफेतल्या पत्रकार परिषदेत विचारले गेले. ‘अर्थातच, काढून टाकणार’ हे त्याचे उत्तर देशभर झाले. अधिकृत निकालात त्याला जेमतेम पाव मते दाखवली गेली, आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याची पद्धतच रद्द झाली.

१९६१ मध्ये सगळे एकदम अंगावर आले. जानेवारीत एन्रिक गाल्व्हाँ या बंडखोर अधिकाऱ्याने ‘सांता मारिया’ हे सहाशेवर प्रवाशांचे जहाज भर समुद्रात ताब्यात घेतले आणि जगभरचे पत्रकार पोर्तुगालविषयी लिहू लागले. अंगोलात सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध शेतकरी उठले. ४ फेब्रुवारीला लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला झाला. १५ मार्चला उत्तरेच्या कॉफीच्या मळ्यांत भीषण कत्तल सुरू झाली. तिचा सूड त्याहून भयंकर होता. योगायोग असा की त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत केनेडींच्या अमेरिकेने सोव्हिएत रशियाबरोबर पोर्तुगालविरोधात मत दिले. ठराव पुरेशा मतांअभावी पडला, पण लिस्बनमध्ये तो दगाच मानला गेला. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यू मोनिझ याने सालाझारला हटवण्याचा घाट घातला. त्याची चाल फसली, सालाझारने ते खाते स्वतःकडे घेतले आणि अंगोलाला फौजा रवाना केल्या. ऑगस्टमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेने आपल्या किनाऱ्यावरचा पोर्तुगिजांचा एक चिमुकला किल्लाही हिसकावला.

इकडे ऑक्टोबरात दिल्लीत भरलेल्या परिसंवादात आफ्रिकी नेत्यांनी नेहरूंना गोव्याबाबतच्या संयमाबद्दल टोचले. नोव्हेंबरात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर गोळीबार झाला. ब्रिटनशी शतकानुशतकांची मैत्री होती, पण राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध लढायला लंडन तयार नव्हते. १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांना तार केली, तिचा आशय असा : तह नको, युद्धकैदी नकोत, सैनिक जिंकतील किंवा मरतील, आणि निदान आठ दिवस तग धरा. हे आठ दिवस संयुक्त राष्ट्रसंघात ओरड करण्यासाठी हवे होते. सुमारे साडेतीन हजार शिपायांनिशी भारतीय सैन्यापुढे ते शक्य नव्हते. १७-१८ डिसेंबरच्या रात्री सुरू झालेली मोहीम १९ तारखेच्या शरणागतीने संपली. सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी अशा ठरावाला सात मते पडली, पण रशियाच्या नकाराधिकाराने तो बाद झाला. नववर्षाच्या पहाटे पोर्तुगालमधल्या बेजा इथल्या छावणीवर बंडखोरांनी हल्ला केला. दोनच दिवसांनी गोव्याबद्दलचे सालाझारचे भाषण संसदेत दुसऱ्याला वाचावे लागले. त्याचा आवाज गेला होता.

तरीही राजवट पडली नाही. अझोर्स बेटांवरील लाझेस तळाचा करार १९६२ अखेर संपणार होता आणि अमेरिकेला तो तळ हवा होता, त्यामुळे वॉशिंग्टनचा सूर मवाळ झाला. सक्तीच्या मजुरीचे कायदे बदलून सालाझारने थोडी सुधारणा दाखवली. शरण गेलेल्या व्हासालू इ सिल्व्हांना मात्र सैन्यातून बडतर्फ केले, आणि गोव्याचा लढवय्या मोहन रानडे जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिला. आफ्रिकेतली युद्धे अंगोलावरून गिनी आणि मोझांबिकपर्यंत पसरली. त्या युद्धांत पिचलेल्या मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी तोवर सत्तेवर आलेल्या सालाझारच्या वारसदाराला हटवले. नव्या सरकारने व्हासालू इ सिल्व्हांचा हुद्दा परत दिला आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.