हायपोस्पेडियास : एका न बोललेल्या गोष्टीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, या डॉक्टरी भानगडीत कशाला पडता?" त्याचं उत्तर असं, की हा प्रश्न आमच्याकडे आला तो तत्त्वज्ञानाचा म्हणूनच. काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी घरी आला. तिशी ओलांडलेली, लग्न ठरत आलेलं. बराच वेळ ऊसदराच्या गप्पा झाल्या आणि मग कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "सर, एखादी गोष्ट सांगितली नाही, तर ते खोटं बोलणं होतं का?"

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. जन्मतःच त्याच्या लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. धार सरळ जात नसे, म्हणून बसूनच लघवी करावी लागे. कोल्हापूरच्या पोराला तालमीची हौस असणारच. पण चारचौघांत लंगोट बदलायचा, हौदावर आंघोळ करायची, या धास्तीनं त्यानं आठवीतच तालीम सोडली. घरच्यांना वाटलं, पोरगं आळशी. वीस वर्षं तो हे एकटाच वागवत होता. आपल्या या अवस्थेला नाव आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

नाव आहे, आणि ते फार जुनं आहे. 'हायपोस्पेडियास' हा शब्द ग्रीक. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या लिखाणात तो आढळतो. साधारण अडीचशे-तीनशे मुलग्यांमागे एकात ही अवस्था दिसते. कोणात छिद्र टोकापासून जरासंच खाली असतं, कोणात मध्यावर, क्वचित अंडकोशापाशी. काहींच्यात शिश्न खाली वाकलेलंही असतं.

गॅलेनला चिंता होती ती संततीची. बीज सरळ पुढे गेलं नाही तर मूल कसं होणार? वेदना, लाज, माणसाचं मन हे विषय त्या चर्चेत नव्हते. त्या काळचे शल्यवैद्य हेलिओडोरस आणि अँटिलस यांचा उपाय ऐकला तर अंगावर काटा येतो: छिद्रापुढचा भाग कापूनच टाकायचा, म्हणजे छिद्र आपोआप टोकाला येतं! पुढची कित्येक शतकं ग्रंथांतून हाच उपाय नकलून घेतला गेला.

फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याला ही व्याधी असावी असं बरेच इतिहासकार मानतात. १५३३ मध्ये त्याचं कॅथरिन द मेदिचीशी लग्न झालं. दहा वर्षं मूल नाही. बोल कुणाला लागला? अर्थातच राणीला. तिला माहेरी धाडण्याच्या गोष्टी दरबारात सुरू झाल्या. १५४४ मध्ये पहिलं मूल झालं आणि पुढे तिला एकंदर दहा मुलं झाली. पुरुषानं न बोललेल्या गोष्टीची किंमत बाई मोजते, हे आपल्याकडेही नवं नाही.

आता या इतिहासात आपला मुलूख कुठे येतो ते पाहू. म्हैसूरच्या युद्धात, १७९२ साली, इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकिकत छापली आणि युरोपातले सर्जन जागे झाले. कातडीचा तुकडा मुळाशी जिवंत ठेवून दुसरीकडे वळवायचा, हे ते तत्त्व. हायपोस्पेडियासची शस्त्रक्रिया थेट पुण्यातून निघाली असं आम्ही म्हणणार नाही. पण कापून टाकण्याऐवजी आहे त्या कातडीतून नवं घडवायचं, ही दृष्टी त्याच परंपरेतली. बर्लिनचे डीफेनबाख नाकंही घडवत आणि मूत्रमार्ग दुरुस्त करण्याचे प्रयत्नही करत. १८७४ मध्ये फ्रान्सच्या द्युप्ले यांनी कातडीची नळी करण्याची पद्धत मांडली. १९७१ मध्ये आग्र्याच्या डॉ. हरिशंकर असोपांनी शिश्नाग्रावरच्या त्वचेची नळी करून एकाच टप्प्यात दुरुस्ती करून दाखवली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या स्नॉडग्रास यांची पद्धत आली. आणि गालाच्या आतलं अस्तर वापरून मूत्रमार्ग बांधण्याच्या कामात पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींचं तंत्र आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

म्हणजे विद्या दाराशी होती. मग आमचा विद्यार्थी वीस वर्षं गप्प का राहिला?

इथे र. धों. कर्व्यांची आठवण होते. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक शरीराविषयीचे प्रश्न पाठवत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. पण लक्षात घ्या, तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात रोग नव्हता, प्रश्न होता. आपल्याकडे औषधाआधी बोलण्याची परवानगी मिळवावी लागते.

आणखी एक दाखला. १९९५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ५०० पुरुष तपासले. छिद्र अगदी टोकाला होतं फक्त ५५ टक्क्यांत. १३ टक्क्यांत हायपोस्पेडियास निघाला, बहुतेक सौम्य. आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता! आम्ही जन्मभर वर्गात 'प्राकृत म्हणजे काय' हे शिकवलं. इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला कधी सुचलं नव्हतं. ज्याला आपण 'नॉर्मल' म्हणतो, तो पुष्कळदा पाठ्यपुस्तकातल्या चित्राचाच नमुना असतो.

पण याचा अर्थ 'काही करू नका' असा नव्हे. ज्याला वाकडेपणामुळे संबंधात अडचण येते, लघवीची धार अडते, वारंवार जंतुसंसर्ग होतो, किंवा मनाला सतत टोचतं, त्यानं जरूर यूरॉलॉजिस्टला गाठावं. मात्र हे जाणून, की ही शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात. मोठेपणी जखम भरायला वेळ लागतो, नवं भोक पडणं, मार्ग आकसणं असे त्रास जास्त होतात, कधी दोन टप्पे लागतात. गुटखा-तंबाखू खाणाऱ्याच्या गालाचं अस्तर खराब झालेलं असतं, हेही आपल्या भागात सांगायला हवं. सर्जनला विचारावं: अशा प्रौढांच्या किती शस्त्रक्रिया केल्यात? बिघडलं तर पुढे काय? आणि स्वतःला विचारावं: हे मी कुणासाठी करतोय?

त्या विद्यार्थ्याला आम्ही म्हणालो, "जिच्याबरोबर जन्म काढायचा तिचा यात वाटा आहे. चारचौघांना सांगू नकोस, ते तुझं खासगी. तिला सांग. खोटं-खरं आपण नंतर ठरवू."

त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना?" मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाली. वाकडेपणा नाही, मूल व्हायला अडचण दिसत नाही. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे तुम्हीच ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं केली नाही. दुसऱ्या कुणी केली असती, तर तेही बरोबरच ठरलं असतं.

मागच्या श्रावणात तो भेटला. म्हणाला, "सर, पोराला तालमीत घातलंय. सोडायला मीच जातो." आम्ही विचारलं, "आणि तू?" तो हसला. "आता मीही आत जातो, सर."