रायपूरच्या वाटेवरील गिधाडे

शिकारी पक्षी आणि वाहन यांची गाठ पडल्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा रामायणातली. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाचा रथ जटायूने मोडून टाकला. जटायू हा गिधाडांचा राजा आणि प्रसंग दंडकारण्यातला. आज ज्या बस्तरला दंडकारण्य म्हणतात, त्याच्या उत्तरेस नागपूर-रायपूरची जुनी वाट आहे. भंडारा, साकोली, राजनांदगाव, दुर्ग हे तिच्यावरील मुक्काम. या वाटेवर पुढे गिधाडांची आणि चाकांची जी गाठ पडली, ती मात्र निराळी होती.

श्रोतेहो, 1758 साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि छत्तीसगड नागपूरकरांशी जवळून जोडला गेला. पुढे 1818 मध्ये इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. या प्रदेशात मीठ आणावयाचे आणि येथील धान्य बाहेर न्यावयाचे, हा उद्योग बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. शेकडो बैल पाठीवर गोण्या घेऊन चालत. वाटेत एखादा बैल पडला की तांडा पुढे जाई आणि मागे गिधाडे उतरत. बैलाची चाल ती काय! पोटभर खाऊन पंख पसरावयास गिधाडाला हवा तेवढा वेळ मिळे. वाट गिधाडांना पोशी आणि गिधाडे वाट स्वच्छ ठेवीत.

मग आगगाडी आली, तांडे मोडले, आणि कालांतराने त्याच दिशेच्या सडकेवरून मोटारी धावू लागल्या. रायपूर शहरात या सडकेला अजूनही 'जी. ई. रोड', म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, असेच म्हणतात. आता मेलेले गुरू सडकेच्या मधोमध पडू लागले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे वजन सुमारे पाच किलो, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. असा पक्षी जमिनीवरून एकदम उठू शकत नाही. त्याला काही पावले धावावे लागते, आणि गळ्याची पिशवी भरलेली असली म्हणजे तर फारच जड जाते. भरधाव ट्रक त्याला तेवढी उसंत देत नाही.

तरीही गिधाडांच्या नाशाचा सारा दोष चाकांवर टाकणे अन्यायाचे होईल. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारी एक उरली, ती गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. हे कारण 2004 मध्ये उजेडात आले आणि 2006 मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

आज सडकेवर घार दिसते. ती हलकी आणि चपळ; ट्रकच्या तोंडासमोरून तुकडा उचलून निसटते. घात होतो तो गव्हाणी घुबडाचा. छत्तीसगड हे धानाचे कोठार. धानाने लादलेल्या गाड्यांतून दाणे सांडले की उंदीर येतात, उंदरांमागे घुबड येते. ते जमिनीलगत उडते आणि त्याची नजर भक्ष्यावर असते. त्यात दिव्यांच्या झोताने डोळे दिपतात.

गिधाडांसाठी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात वनखात्याने एक उपाय केला आहे. औषध न टोचलेल्या गुरांची मढी ठराविक, मोकळ्या जागी नेऊन टाकतात. तेथे वाहनांची वर्दळ नसते, आणि गिधाडाला धावावयास जमीन असते.