तुटण्याआधीचे तास : मॅटरहॉर्न, जुलै १८६५

१२ जुलै, संध्याकाळ. झेरमाटमधलं मॉन्टे रोझा हॉटेल. ४,४७८ मीटर उंचीच्या त्या अजिंक्य शिखरासाठी दोन तुकड्या एकत्र येतात. १९ वर्षांच्या डग्लस हॅडोबद्दल एडवर्ड व्हिंपरला शंका आहे. पोराने माँ ब्लाँ भल्याभल्यांपेक्षा लवकर गाठला, असं पाद्री चार्ल्स हडसन सांगतात आणि व्हिंपर मान डोलावतो. प्रतिस्पर्धी जाँ-आंत्वान कारेल इटलीच्या बाजूने चढू लागलाय, थांबायला सवड नाही. माझ्या मते अपघात इथेच घडून गेला.

१३ जुलै, पहाटे ५.३०. झेरमाट सुटतं. दुपारच्या आत ११,००० फुटांवर तंबू.

१४ जुलै, सकाळी ९.५५. १४,००० फूट. इथवर बहुतेक वाट दोराशिवाय जमली. पुढे उत्तरेचा कडा, खडकांवर बर्फाचा पातळ थर. हॅडोला पावलोपावली हात द्यावा लागतो.

दुपारी १.४०. माथा! कारेल अजून बराच खाली. वाटाड्या मिशेल क्रोझ आपला सदरा तंबूच्या काठीला बांधून फडकवतो. तासभर मुक्काम.

उतरताना क्रमाने क्रोझ, हॅडो, हडसन, १८ वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, वाटाड्या थोरला पीटर टाऊगवाल्डर, व्हिंपर आणि पीटरचा मुलगा, धाकटा टाऊगवाल्डर. डग्लस आणि थोरला पीटर यांच्यामध्ये सगळ्यांत कच्चा, जुना दोर. तो केवळ जादा म्हणून आणलेला. मजबूत दोर २५० फुटांहून जास्त शिल्लक होता, हे वाचताना आजही जीव तळमळतो.

दुपारी सुमारे ३. क्रोझ कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोचे पाय एकेक करून खाचेत बसवतो. तो वळतो तोच हॅडो घसरून त्याच्यावर आदळतो. मागोमाग हडसन, डग्लस खेचले जातात. वरचे तिघे खडकाला घट्ट धरतात, हिसका बसतो आणि दोर हवेतच तुटतो. चौघे जवळजवळ ४,००० फूट खाली, हिमनदीवर.

अर्धा तास तिघांना हलवत नाही. रात्री ९.३० नंतर एका शिळेवर ते उजाडायची वाट पाहतात.

१५ जुलै, सकाळी १०.३०. झेरमाट. दुसऱ्या दिवशी तीन मृतदेह सापडले. डग्लसचा कधीच नाही. १७ला कारेलही माथ्यावर पोचला.

थोरल्या पीटरने दोर कापला, अशी कुजबुज उठली. चौकशीने त्याला निर्दोष ठरवलं, तरी ती आयुष्यभर त्याच्या मागे राहिली. ज्याने दोन जीव धरून ठेवायला हातभार लावला, त्याच्याच वाट्याला हे आलं.