जखमेतला जंतू कोणत्या घराण्याचा? डहाणू-तलासरीच्या रुग्णांनी कल्चर रिपोर्ट का जपून ठेवावा

ऑपरेशन नीट झाले, टाके सुकत आले, घरी सोडले. आणि आठव्या-दहाव्या दिवशी टाक्यातून पू यायला लागला. सिझर झालेली बाई असो, पायात रॉड टाकलेला तरुण असो की डायबेटिसमुळे चिघळलेला पाय असो, असे प्रसंग बऱ्याच घरांनी पाहिलेले असतात. मग नातेवाईक म्हणतात, "पथ्य पाळले नाही." पण भात खाल्ल्याने किंवा दही खाल्ल्याने पू होत नाही. तो जंतूमुळे होतो, आणि अशा जखमांत अनेकदा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस.

रुग्णालयात भरती झाल्यावर ४८ तासांनंतर सुरू झालेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयातून लागलेला मानतात. ऑपरेशनच्या जखमेसाठी ही मुदत ३० दिवसांची असते, आणि शरीरात प्लेट किंवा रॉड बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत धरतात. म्हणजे घरी आल्यावर पू झाला तरी त्याचे मूळ वॉर्डात असू शकते.

स्कॉटलंडचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला जो शब्द आहे त्यावरून स्टॅफिलोकोकस हे नाव पडले. हा जंतू काही परका नाही. दहातल्या साधारण तीन जणांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि त्यांना काहीच त्रास होत नाही. त्रास सुरू होतो तो कातडी फाटली की. चाकूचा घाव, सलाइनची सुई, लघवीची नळी, डायलिसिसची जागा, यातून तो आत शिरतो. रक्तात गेला तर हाडे, फुप्फुसे, हृदयाच्या झडपांपर्यंत पोचतो.

पेनिसिलिन आले तेव्हा वाटले, काम संपले. पण काही वर्षांतच या जंतूने पेनिसिलिन तोडणारे रसायन बनवायला सुरुवात केली. १९५९ मध्ये त्यावर उतारा म्हणून मेथिसिलिन आले. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, इंग्लंडमधल्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलिनलाही दाद न देणारे जंतू सापडल्याचे कळवले. त्यांनाच आज एमआरएसए म्हणतात.

हे कसे होते? जंतू आपल्याभोवती भिंत बांधतो, आणि ती बांधणारे प्रोटीन म्हणजे त्याचे गवंडी समजा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे या गवंड्यांचे हात बांधतात. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. एमआरएसएकडे मेक-ए नावाचे एक जनुक असते. त्यातून असा नवा गवंडी तयार होतो की औषधाला त्याचे हात धरताच येत नाहीत. हे जनुक एका सुट्या तुकड्यावर बसलेले असते आणि तो तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. जुन्या रुग्णालयी जंतूंमध्ये हा तुकडा मोठा, अनेक औषधांविरुद्धची शस्त्रे भरलेला असायचा. नव्यांमध्ये तो लहान आणि हलका आहे, त्यामुळे जंतूला बोजा होत नाही.

आता घराण्यांची गोष्ट. सगळे एमआरएसए सारखे नसतात. त्यांच्या जनुकांवरून शास्त्रज्ञ त्यांना नंबर देतात. भारतातल्या रुग्णालयांत बरीच वर्षे एसटी-२३९ या घराण्याचा जोर होता. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी दाखवून दिले की मुंबईत एसटी-२२ आणि एसटी-७७२ ही नवी घराणी पुढे येत आहेत. यातले एसटी-७७२ 'बंगालच्या उपसागराचे घराणे' म्हणून ओळखले जाते. ते आपल्याच उपखंडात वाढले, १९९० च्या दशकात झपाट्याने पसरले आणि प्रवाशांबरोबर युरोपपर्यंत गेले. विशेष म्हणजे हे घराणे बाहेर, निरोगी माणसांच्या गळवातही सापडते आणि रुग्णालयातही. 'रुग्णालयाचा जंतू' आणि 'गावातला जंतू' हा जुना फरक त्यामुळे पुसट होत चालला आहे.

ही नावे घरच्या माणसाला पाठ असायची गरज नाही. पण घराणे ओळखता येण्याचा उपयोग किती, ते इंग्लंडमधल्या केंब्रिजला २०११ मध्ये दिसले. नवजात बाळांच्या वॉर्डात अधूनमधून एमआरएसए सापडत होता. सुट्या-सुट्या घटना असाव्यात असे वाटत होते. जंतूंची पूर्ण जनुके वाचली तेव्हा कळले की सगळी एकाच साखळीची कडी आहेत, आणि साखळी बाळांच्या आईवडिलांपर्यंत गेली आहे. वॉर्ड धुऊन काढल्यावर ६४ दिवसांनी पुन्हा एक बाळ सापडले. तेव्हा १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यातल्या एकाच्या अंगावर नकळत तोच जंतू होता. उपचार झाले, साखळी तुटली.

आपल्या पट्ट्यात ही साखळी लांब असते. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. पण केस अवघड झाली की गाडी निघते वापी-वलसाडकडे, कोणी सिल्वासाला, कोणी थेट मुंबईला. महिनाभरात एकच रुग्ण दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश फिरून येतो. त्याच्याबरोबर जंतूही फिरतो. फिरत नाही तो कागद. नव्या डॉक्टरला आधी कोणते इंजेक्शन झाले, कशाचा गुण आला नाही, काहीच माहीत नसते. मग पहिल्यापासून अंदाज सुरू होतो. हा अंदाज चुकण्याची शक्यता लहान नाही. २००८ आणि २००९ मध्ये देशातल्या १५ केंद्रांनी तपासलेल्या २६ हजारांहून अधिक नमुन्यांत हा जंतू मेथिसिलिनला न जुमानणारा निघण्याचे प्रमाण ४१ टक्के होते.

म्हणून जखमेत पू दिसला, थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, पू कल्चरला पाठवायचा का?" नमुना नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेला चांगला. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. जिथे सोय नसेल तिथून नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो. रुग्ण गंभीर असेल तर रिपोर्टची वाट पाहत औषध थांबवत नाहीत. आधी सुरू करतात, मग रिपोर्टप्रमाणे बदलतात. रिपोर्टवर औषधांच्या नावापुढे एस किंवा आर असते. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. सेफॉक्सिटिनपुढे आर दिसले तर तो एमआरएसए धरतात, आणि मग नेहमीच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, सेफिक्साइम, सेफ्ट्रायाक्झोनचा उपयोग नाही. व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड अशी औषधे उरतात. त्यातले व्हॅन्कोमायसिन शिरेतून द्यावे लागते आणि किडनीवर लक्ष ठेवावे लागते. या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. गळू मोठे असेल तर पू काढून टाकणे हाच मुख्य इलाज; नुसत्या गोळ्या आतपर्यंत पोचत नाहीत.

मेडिकलवर जाऊन "भाई, मागच्या वेळच्या चार गोळ्या दे" हे मात्र बंद व्हायला हवे. १ मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. रमजानमध्ये आणखी एक गोष्ट होते. तीन वेळची गोळी लोक आपल्या मनाने सहेरी-इफ्तारला दोन वेळ करतात. औषध रक्तात कमी पडते आणि चिवट जंतू तेवढे मागे राहतात. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, आणि काही वेळा दोन वेळचे दुसरे औषधही मिळते. डॉक्टरांना विचारले तर ते सांगतात.

इयादतीला जाणे सवाबचे काम आहे, पण पंधरा जणांनी पलंगाला गराडा घालणे नव्हे. एका रुग्णाचा हात धरून दुसऱ्याच्या डोक्यावर हात फिरवला की जंतूला सवारी मिळते. वुजू करून आलो म्हणून हात स्वच्छ असे समजू नये. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबण किंवा सॅनिटायझर हवाच. त्यात अल्कोहोल असते म्हणून काहींना संकोच वाटतो. २००२ मध्ये मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह कौन्सिलने अल्कोहोल असलेली औषधे गरजेपोटी वापरण्यास मुभा दिली होती, आणि सौदीच्या रुग्णालयांतही असा सॅनिटायझर वापरला जातो.

एमआरएसए असलेला माणूस घरी आला तर त्याला वेगळे टाकायचे कारण नाही. त्याचा टॉवेल आणि वस्तरा वेगळा, जखम झाकलेली, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या, एवढे पुरते. त्याच्या ताटात जेवल्याने, बाजूला नमाजला उभे राहिल्याने काही होत नाही. आणि असा रुग्ण अल्लाहला प्यारा झाला तर मय्यतीला गुस्ल देता येते. गुस्ल देणाऱ्यांनी ग्लोव्हज आणि प्लॅस्टिकचा एप्रन घालावा, स्वतःच्या हातावर जखम असेल तर ती झाकावी किंवा दुसऱ्याला पुढे करावे, मय्यतीच्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.